देणाऱ्याची पट्टी

१

आमच्या गेममध्ये मेडिकला शस्त्र नसतं. खांद्याला पिशवी, पिशवीत लाल कापडाच्या पट्ट्या, बस्स. मैदानात सगळे फोमच्या तलवारी घेऊन एकमेकांवर धावत असतात. कुणी सरदार, कुणी चेटकीण, सगळे सोमवारी पुन्हा ऑफिसात बसणारे. मी त्यांच्यामधून वाकून पळते. मेडिकवर वार करायचा नाही असा नियम आहे.

नियम फैझलने लिहिलेत. फैझल आमचा रेफरी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला वुडलँड्सला राहतो, आठवडाभर कुठल्याशा कंपनीसाठी पोस्टरं बनवतो.

हाताला वार लागला की हात मेला, तो हलवायचा नाही. मेडिक येते, जखमेवर हात ठेवते आणि कानाशी हळूच विचारते, "गेम ऑर रिअल?" उत्तर 'रिअल' आलं तर खरंच काहीतरी मुरगळलंय, फुटलंय. मग मी "होल्ड" असं ओरडते आणि सगळे जिथल्या तिथे थांबतात. होल्डमध्ये कुणी पाऊल उचलत नाही. कुणी काही बोललं तरी ते गेममध्ये धरत नाहीत. मी जखमेवरचा हात काढून "प्ले ऑन" म्हणेपर्यंत होल्ड सुटत नाही.

उत्तर 'गेम' आलं तर देणारा शोधायचा. फुकटात कुणी बरं होत नाही. मी विचारते, "हू इज गिव्हिंग?" त्याच्या बाजूच्या कुणीतरी स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, "टेक माइन." मग पट्टीचे फाडून दोन तुकडे करायचे, एक जखमीच्या दंडाला, एक देणाऱ्याच्या. जखमीचा हात जिवंत होतो, देणाऱ्याचा मरतो. मेडिकला स्वतःचा हात देता येत नाही. गेम संपला की जिने पट्टी बांधली तिनेच ती सोडायची. लोक हे इतकं पाळतात की गेम संपल्यावरही एका हातात बबल टी आणि दुसरा हात लोंबता, असे माझ्यापुढे रांगेत उभे राहतात.

नियम चांगले आहेत. मी घरचे नियम पाहिलेत, म्हणून म्हणते.

२

घरचा नियम एकच, सगळं ठीक आहे म्हणायचं.

मी नर्सिंगचा डिप्लोमा शेवटच्या वर्षात सोडला. वॉर्डात पाहिलं, म्हाताऱ्याचे पाय काळे पडलेत आणि मुलगा हसून सांगतोय, "नथिंग लाह, पा." म्हाताराही मान डोलावतोय. रोज नवा म्हातारा, तेच हसू. मला ते जमेना. हे मी बाबाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे," आणि आठवड्याभरात ओळखीच्या सगळ्यांना सांगून मोकळा झाला की अनुया ऑस्ट्रेलियात मेडिसिनला जायची तयारी करतेय. माझा बाबा पद्माकर, बँकेत मोठ्या खुर्चीवर, बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत बाराव्या मजल्यावर. तो घाबरला की डाव्या हाताच्या पेरांवरून अंगठा फिरवतो, काहीतरी मोजतोय असा. तोंडाने म्हणतो, काही नाही.

असो. तो रविवार हेझचा होता. पलीकडे जंगलं जळत होती आणि इथे सगळ्या बेटावर धूर बसला होता. दुपारी हवेतल्या प्रदूषणाचा आकडा जरा उतरला तसा फैझल म्हणाला, "कॅन प्ले." मास्क घालून खेळायचं ठरलं. जागा आमच्या कॉन्डोमागची, बंद पडलेल्या मलाया रेल्वेच्या मार्गावरची. रूळ कधीच उचलून नेलेत, पण झुडपांत अजून खडी आहे आणि खाली पाणी जायला विटांची एक कमान.

माणसं कमी आली होती. म्हणून फैझलने ऐनवेळी नियम बदलला. "मेडिक्स, टाय फर्स्ट. देणारा नंतर शोधा. नाहीतर सगळे पडूनच राहतील."

मी म्हटलं, "म्हणजे उधारीवर?"

"वन आफ्टरनून ओन्ली लाह. काय होणारे?"

३

कमानीखाली एक जण बसला होता. पाठ विटांना, पाय पसरलेले, तोंडावर मास्क, डोक्यावर हूड. डावा हात मांडीवर पालथा पडलेला. मला बघून त्याने मान वर केली नाही.

मी वाकून आत गेले. खडी कचकन वाजली. त्याच्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं, "गेम ऑर रिअल?"

मास्कमागून उत्तर आलं, "गेम."

आवाज साधा होता. कंटाळलेला म्हणा. सवय म्हणून माझी बोटं त्याच्या मनगटावर गेली. नर्सिंग सोडलं तरी बोटांनी सोडलेलं नाही. नाडी लागली नाही. बोटं जरा वर सरकवली, तिथेही नाही. मला वाटलं, खाली घट्ट पॅड बांधलाय. मग वाटलं, धावून धावून माझीच बोटं बधिर झालीत. हात गार होता, पण कमानीखाली सगळंच गार होतं, भिंतीला हात लावला तर ओल लागत होती. कारणं भरपूर असतात. हवी तेवढी मिळतात.

मी पट्टी काढली. पट्ट्या आईच्या जुन्या लाल परकराच्या आहेत, मीच फाडून केलेल्या. न फाडता अख्खी त्याच्या दंडाला बांधली. सपाट बसणारी गाठ, उजवं टोक आधी, जशी मी नेहमी बांधते.

"देणारा शोधते," मी म्हटलं. "थांब इथेच."

त्याने मान हलवली. अगदी आज्ञाधारक.

वर कुणीतरी खरंच घोटा मुरगळून पडलं, मी होल्ड दिला, बर्फ, बँडेज, आरडाओरडा. कमानीखालचा मी विसरले.

४

गेम संपल्यावर सगळ्यांच्या पट्ट्या सोडल्या. एक कमी भरली.

"कमानीखालचा कुठाय?" मी फैझलला विचारलं.

"कुठली कमान? ती आउट ऑफ बाउंड्स आहे. सकाळी टेप लावली मी."

टेप होती. पिवळी, दोन्ही तोंडांना, कुठेही न तुटलेली. मी आत कशी गेले ते मला आठवेना. वाकून गेले एवढं आठवत होतं. टेपखालून गेले असेन. धुरात दिसली नसेल.

फैझलने माणसं मोजली. जेवढी आली होती तेवढी समोर होती.

"कुणीतरी तुझी मस्करी केली," तो म्हणाला. "किंवा कुणी कामगार टेकला असेल सावलीला. बिचारा घाबरला असेल तुला बघून."

मी हसले. आत कुणीच नव्हतं. पट्टीही नव्हती.

५

संध्याकाळी घरी प्रबोधकाका आणि संजीवनीकाकू आले होते. बाबाच्या बँकेतले. मी चिखलाच्या बुटांनी आत शिरले आणि आईने डोळ्यांनीच मला बाथरूमकडे ढकललं. पण काकांनी पकडलं.

"अरे, डॉक्टरीणबाई! लढाईवरून का?"

"मेडिक आहे मी, काका."

"तेच ते. ऑस्ट्रेलियाला कधी?"

बाबाने ग्लासात बर्फ घातला. "फॉर्म्स चाललेत," तो म्हणाला. आईने भजी पुढे केली.

मी सांगणार होते. कसले फॉर्म्स, मी घरी बसून आहे आणि हा माणूस वर्षभर थापा मारतोय. पण काकू मध्येच म्हणाल्या, "अगं पण खेळता काय नक्की? सांग ना." आणि मी चिडून, तावातावाने, सगळे नियम सांगितले. वार, हात मेला, देणारा. हातवारे करून दाखवलं. आजच एक जण बिनदेणाऱ्याचा राहिला, हेही सांगितलं.

"मग मी विचारते, 'हू इज गिव्हिंग?'"

बाबा सोफ्यात रेलला होता. पाहुण्यांसमोर तो फार मजेशीर होतो. डावा हात वर करून म्हणाला, "घे माझा. टेक माइन. एवीतेवी तुला देण्यातच जन्म चाललाय."

सगळे हसले. काकांनी मांडीवर थाप मारली.

दाराबाहेर खडी वाजली.

एकच पाऊल. कचकन. आमच्या मजल्यावर संगमरवरी फरशी आहे, खडी कुठून येणार. मी दार उघडलं. लिफ्टपुढची जागा रिकामी होती, धुराचा वास तेवढा होता, तो तर सगळीकडेच होता.

"कोण गं?" आईने विचारलं.

"कुणी नाही."

बुटाच्या तळात अडकलेला खडा पडला असेल. मी बूट तपासले. खडा नव्हता. पडला म्हणजे नसणारच, हेही खरं.

६

सोमवारी सकाळी बाबाने शर्टाची बटणं एका हाताने लावली. मंगळवारी चहा उजव्या हाताने घेतला. तो डावखुरा आहे.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. झोपेत अवघडला."

मी त्याला हसायला सांगितलं. हसला, चेहरा दोन्हीकडून सारखा. वाक्य म्हणायला लावलं, नीट म्हणाला. स्ट्रोक दिसत नव्हता. मग मी त्याची दोन्ही मनगटं धरली. उजव्या हाताला नाडी. डाव्याला नाही. आणि तो हात गार होता. थंडीतला गारपणा वेगळा आणि ओल्या विटेचा वेगळा.

"बाबा, आत्ता इमर्जन्सीला चल. हात जातो असा."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"तूच सांगत असतोस ना सगळ्यांना."

तो गेला, पण आपल्या वेळेने, गुरुवारी, मीटिंग संपवून. स्कॅन स्वच्छ आला. रक्त व्यवस्थित वाहतंय म्हणे. तिथल्या डॉक्टरांनी मशीन दोनदा बदललं. पुढच्या आठवड्यात आणखी तपासण्या. बाबा घरी येऊन म्हणाला, "बघ. काही नाही." गारपणा तोवर कोपराच्या वर गेला होता. त्याला ते माहीत होतं, कारण जेवताना तो खांदा सारखा उजव्या हाताने चोळत होता. आई बघत होती आणि वाढत होती. हे दोघं घराला आग लागली तर आधी पडदे नीट करतील.

आणि खडी. रोज संध्याकाळी एक पाऊल. मंगळवारी दाराबाहेर, बुधवारी दाराच्या आत, चपलांच्या कपाटाशी. मी आईला विचारलं, ऐकलंस का. ती म्हणाली, "वरच्यांचं काम चाललं असेल." आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

७

शुक्रवारी दुपारी फैझलला सगळं सांगितलं आणि त्याला घेऊन कमानीपाशी गेले. धूर इतका होता की सूर्याकडे थेट बघता येत होतं, लिंबाएवढा, तांबूस. फैझल वर उभा राहिला. तो हसत नव्हता.

"पट्टी सोड आणि निघ," तो म्हणाला. "बांधलीस तू, सोडायची तू. माझाच नियम आहे."

टेप तशीच होती. मी ती वर उचलून आत गेले.

तो तिथेच बसला होता. मी थांब म्हटलं होतं.

आता मी थोडा वेळ खरंच स्वतःला समजावलं. कामगार आहे. झोपलाय. दंडावर लाल दिसतंय ते त्याचंच काहीतरी असेल. मग डोळे अंधाराला सरावले आणि दंडावरची पट्टी दिसली. अर्धीच. एका कडेने फाडलेली, दोरे लोंबणारी.

त्याचा चेहरा मी पाहिला नाही. कोपराच्या खालचं दिसलं, तेवढंच सांगते. डावा हात मांडीवर होता, उताणा. जिवंत. आणि अंगठा पेरांवरून फिरत होता. करंगळीपासून सुरुवात, वरून खाली, मग पुढचं बोट. मी जन्मल्यापासून ती मोजणी बघतेय.

मी वाकले. पट्टीला बोटं लावणार, तेवढ्यात तो हात उठला आणि माझ्या दंडावर ठेवला गेला. हलक्याने, बरोबर त्या जागी, जिथे मी ठेवते. ऊबदार होता. लहानपणी रस्ता ओलांडताना असायचा तसाच.

माझ्या कानाशी कुणीतरी हळूच विचारलं, "गेम ऑर रिअल?"

मी ज्या सुरात विचारते त्याच सुरात.

मी उत्तर दिलं नाही. मागे सरकत बाहेर आले, गुडघे खडीने सोलून निघाले. फैझलने मला वर ओढलं. त्याने काय पाहिलं मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "तो मेडिक झाला. कुणी हात दिला की जखमी नुसता घेणारा राहत नाही. शिट. हे मी कुठे लिहिलेलं नाही."

८

घरी आले तेव्हा बाबा लवकर आला होता. सोफ्यावर बसला होता, टाय अर्धा सोडलेला. मी त्याची बाही वर केली. तो नाही नाही म्हणत होता, मी ऐकलं नाही.

दंडाला लाल कापडाचा तुकडा होता.

"हे कधीपासून?"

"रविवारी सोफ्यावर डोळा लागला, उठलो तेव्हा होतं." तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, तूच बांधलंस."

"मी?"

"मी सगळ्यांसमोर बोललो ना तसं. वाटलं, आली असशील नंतर. काहीतरी... तुमच्यातलं." तो थांबला. "डॉक्टर सांगत होत्या काढा म्हणून. मी म्हटलं, रिलिजियस आहे."

वर्षभर मी या माणसाशी धड बोलले नव्हते. आणि तो ते चिंधूक आठवडाभर शर्टाखाली जपून फिरत होता.

मी गाठ सोडायला घेतली. सपाट बसणारी गाठ, पण डावं टोक आधी. माझी गाठ आरशात दिसेल तशी. ती मी बांधलेली नव्हती. जिने बांधली तिनेच सोडायची. मी बोटं मागे घेतली.

पॅसेजमध्ये खडी वाजली. बेडरूमच्या दाराशी. आज एक पाऊल नव्हतं. दुसरं वाजलं, तिसरं.

मी बाबाच्या दंडावर हात ठेवला, गाठीवरच, आणि विचारलं, "गेम ऑर रिअल?"

"काय हे, अनु."

"बाबा, खरं सांग. एकदाच. पाहुणे नाहीत आत्ता."

खडी माझ्या पाठीमागे आली होती. मला माहीत होतं तो काय म्हणणार. काही नाही, तो म्हणणार. आयुष्यभर तेच म्हणत आलाय.

"दुखतंय गं," बाबा म्हणाला. "खूप. रिअल."

मी ओरडले, "होल्ड."

९

थांबलं.

तेव्हापासून मी हात काढलेला नाही. हे फोनवर लिहितेय, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. फैझलला कळवलं, त्याचं उत्तर आलं, "हात काढू नको. प्ले ऑन म्हणू नको. मी काहीतरी शोधतो." शोध रे. लवकर शोध.

गारपणा खांद्याशी थांबलाय. माझ्या तळव्याखाली अधूनमधून काहीतरी ठोका दिल्यासारखं होतं. त्याचा की माझा, ठरवता येत नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, हातात उलथनं. तिला म्हटलं, हलू नकोस. नाही हलली. मघाशी म्हणाली, "त्यांना ऑफिस आहे सोमवारी. त्यापेक्षा माझा हात—"

"आई, गप्प बस."

"नाही, म्हणजे मला तसा—"

"आई."

होल्डमध्ये बोललेलं धरत नाहीत. आमच्यात नाही धरत. पलीकडचा तेवढा नियम शिकला असेल अशी आशा करायची.

मी पॅसेजकडे पाठ करून बसलेय. वळायचं तर हात निसटेल. खडीचा आवाज नाही, पण माझ्या मानेवर विटांची ओल येतेय. बाबा माझ्यासमोर आहे. तो माझ्या खांद्यावरून मागे बघतोय, बराच वेळ, पापणी न लववता.

"बाबा, मागे कोणी आहे?"

त्याने नजर माझ्याकडे वळवली. आणि हसला. दोन्हीकडून सारखं.

"छे गं. कुणी नाही," तो म्हणाला, पाहुण्यांसमोर बोलतो त्या आवाजात.